चव झाडावर येते, खळ्यावर राखावी लागते

गेल्या उन्हाळ्यात काजूच्या हंगामात खानापूर तालुक्यात मामाकडे गेलो होतो. जाताना बेळगावातून कॉफीचं एक पाकीट नेलं, चिकमगळूर जिल्ह्यातल्या पाच एकरांच्या एका बागेतलं. मामानं ते उलटसुलट करून पाहिलं, किंमत वाचली आणि परत माझ्या हातात ठेवलं. "पाव किलोला सहाशे? मी काजूबी पोत्यानं घालतो, तरी हातात काय पडतंय ते मलाच ठाऊक. एवढं काय हाय रे त्यात?"

प्रश्न रास्त होता आणि मी दिलेलं उत्तर अपुरं. 'स्पेशालिटी कॉफी', म्हणजे चवीच्या परीक्षेत वरचे गुण मिळवलेली कॉफी, असा शब्द वापरला, चवीबद्दल चार वाक्यं बोललो, तोवर विषय पावसावर गेला. म्हणून आता हे नीट, मुळापासून सांगतो.

कॉफी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तपकिरी बी येते. शेतकऱ्याच्या हाती येतं ते फळ. करवंदाएवढं, पिकलं की लालभडक. चिकमगळूर आणि कोडगूकडचे बागाईतदार त्याला कन्नडमध्ये सरळ 'हण्णु' म्हणतात. वर जाडसर साल, आत थोडासा गोड गर, त्याखाली बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर, मग भाताच्या तुसासारखं एक कडक टरफल, त्यालाच पार्चमेंट म्हणतात. त्याच्या आत चंदेरी पापुद्रा आणि मग कुठे बी. बहुतेक फळांत सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया असतात.

काजूचं बोंडू आपण पिळून बाजूला करतो, बी ठेवतो, आणि बोंडू सडलं म्हणून काजूगराची चव फारशी बिघडत नाही. कॉफीचं तसं नाही. फळ किती पिकलं, तोडल्यावर किती तास पडून राहिलं, कसं वाळलं, हे सगळं बी आपल्यात साठवते. झाडावर चव तयार होते आणि तोडणीनंतर मुख्य काम उरतं ते ती घालवायची नाही, एवढंच. आंबवताना चवीला थोडाफार वेगळा रंग चढवता येतो, पण कच्च्या फळात नसलेली गोडी पुढे कोणी आणू शकत नाही. भाजणाराही नाही, कॅफेतलं महागडं मशीनही नाही. 'स्पेशालिटी' या शब्दाच्या मागे जी मेहनत आहे ती या राखण्याची आहे.

सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण, म्हणजे आजच्या बाबाबुडनगिरी, डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. आज देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. आपल्या मनात मात्र कॉफीची बाग म्हणजे शेकडो एकरांचा मळा, बंगला, घोडा असं चित्र असतं. ते जुनं झालं. भारतातल्या कॉफीच्या खातेदारांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त जण १० हेक्टरच्या आतले आहेत, आणि त्यातले पुष्कळ जण दोन-चार एकरांवर आहेत.

जाती मुख्यतः दोन. अरेबिका नाजूक, साधारण १००० मीटरच्या वर रमणारी, चवीला हलकी आणि आंबटगोड. रोबस्टा काटक, त्याखालच्या उंचीवरही येणारी, कडवट आणि दाट. भारतात रोबस्टाचं उत्पादन अरेबिकाच्या दुपटीहून जास्त आहे. अरेबिका कमी होत जाण्यामागे एक मोठं कारण म्हणजे खोडकिडा. हा भुंगेरा खोडाच्या सालीच्या फटीत अंडी घालतो, अळी आत पोखरत जाते आणि वरून हिरवं दिसणारं झाड एक दिवस सुकायला लागतं. मग ते उपटून जाळण्यावाचून गत्यंतर नसतं. या भुंगेऱ्याला ऊन पडलेलं खोड आवडतं. म्हणून सावली ही तिथं शोभेची गोष्ट नाही, ती औषध आहे. पांगारा, उंबर, फणस, सिल्व्हर ओक यांच्या दुमजली सावलीत कॉफी उभी असते आणि त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात. ज्या वर्षी कॉफीचा भाव पडतो त्या वर्षी घर मिऱ्यावर चालतं. सावलीत फळ सावकाश पिकतं, हा चवीचा फायदा आहेच.

वर्षाचं सगळं गणित एका पावसावर टांगलेलं असतं. आपल्याकडे वळीव येतो तसा तिथं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एखादा पाऊस यावा लागतो, इंच-दीड इंचाचा. त्याला ते 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात. फांद्यांवर कळ्या झोपून असतात. पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. तीन-चार दिवसांत फूल गळतं. पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरा पाऊस हवा, म्हणजे फळ धरतं. पहिला पाऊस नुसता शिंतडला तर कळ्या अर्धवट उघडून करपतात. ज्याच्याकडे तळं आणि तुषार सिंचन आहे तो हा पाऊस स्वतः पाडू शकतो. छोट्या शेतकऱ्यांपैकी अनेकांकडे ते नसतं, ते आभाळाकडे बघत बसतात.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर. खरा फरक पडायला सुरुवात होते ती इथं.

फुलं सगळी एका दिवशी येत नाहीत, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवं, पिवळट, लाल आणि काळं पडलेलं फळ शेजारी शेजारी असतं. सोपा मार्ग म्हणजे फांदी मुठीत धरून खालपर्यंत ओरबाडणं. एका दिवसात पोती भरतात. स्पेशालिटीसाठी मात्र तेवढंच लाल फळ बोटांनी वेचायचं आणि दहा-बारा दिवसांनी त्याच झाडाकडे परत यायचं, पुन्हा परत यायचं. मजुरी बहुधा किलोवर असते. वेचून तोडणाऱ्या बाईच्या टोपलीत दिवसाअखेरी कमी किलो भरणार, मग ती का वेचेल? तिला किलोमागे जास्त द्यावे लागतात किंवा रोजावर लावावं लागतं. छोट्या बागेत हे काम बरेचदा घरचीच माणसं करतात. मला वाटतं, पाच एकरवाल्याला पाचशे एकरवाल्याच्या पुढे जायची जी एक जागा आहे ती हीच. त्याला आपलं प्रत्येक झाड माहीत असतं. ओढ्याकाठचं कधी पिकतं, बांधावरचं कधी, हे कागदावर लिहून ठेवायची त्याला गरज पडत नाही.

१०० किलो पिकल्या अरेबिका फळांतून हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी निघते १६-१७ किलो. भाजताना त्यातलंही १५ टक्क्यांच्या आसपास वजन जातं. उलटा हिशेब मांडला तर मामाच्या हातातल्या पाव किलोच्या पाकिटात पावणेदोन किलोच्या वर फळ होतं. हजाराच्या आसपास फळं, एकेक हातानं तोडलेलं.

तोडल्यानंतरचे तास किती महत्त्वाचे, हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्यांदा चिकमगळूरला गेलो तेव्हा ओळखीच्या बागेतून आठ-दहा किलो लाल फळ घेतलं. घरी गच्चीवर वाळवून बघू, असा विचार. प्लास्टिकच्या पोत्यात भरलं, तोंड घट्ट बांधलं आणि रात्रीच्या बसनं बेळगावला निघालो. सकाळी स्टँडवर उतरून पोत्याला हात लावला तर ते कोमट लागलं. घरी येऊन सोडलं तर आंबूस, शिर्क्यासारखा वास नाकात गेला. मधल्या फळांचा लाल रंग जाऊन तपकिरी डाग पडले होते. तरी मी ती वाळवली, भाजली आणि प्यायलो. घोटभर तोंडात घेतल्यावर सडक्या कांद्यासारखी चव पसरली. झाडावर जे फळ उत्तम होतं ते मी एका रात्रीत घालवलं होतं. म्हणूनच तिकडे नियम साधा आहे, सकाळी तोडलेलं फळ त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मार्गी लागलं पाहिजे आणि तोवर ते सावलीत, हवेशीर ठेवलं पाहिजे.

मार्गी लावायचं म्हणजे आधी पाण्यात टाकायचं. भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून आपण पोचट वर काढतो तसंच. पोकळ आणि किडकं फळ तरंगतं, भरलेलं बुडतं. तिथून पुढे तीन वाटा फुटतात.

पहिली धुतलेल्या कॉफीची, 'वॉश्ड'. पल्पर नावाच्या यंत्रातून फळाची साल काढतात आणि बुळबुळीत थरासकट बिया टाकीत ठेवतात. दुधात विरजण घातल्यावर जे होतं तेच इथं होतं, फक्त विरजण बाहेरून घालावं लागत नाही, फळावरचे आणि हवेतले सूक्ष्मजीवच कामाला लागतात. ते तो चिकट थर फोडतात. अरेबिकाला २४ ते ३६ तास लागतात, थंडी असेल तर जास्त. दही जसं घटकेभरानं गोड आणि घटकेभरानं आंबट होतं तसंच हेही, वेळ चुकली की गेलं. मूठभर बिया पाण्यात चोळून बघायच्या, बुळबुळीत लागल्या तर थांबायचं, वाळूसारख्या खरखरीत लागल्या की लगेच धुवायच्या. या पद्धतीच्या कॉफीची चव स्वच्छ, उजळ, लिंबूवर्गी आंबटपणाची असते. हिला पाणी भरपूर लागतं आणि धुतलेलं आंबट पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ओढा मरतो. भद्रा, तुंगा, कावेरी या नद्या याच डोंगरांतून उगवतात, तेव्हा ते पाणी खड्ड्यांत मुरवणं, निवळू देणं हा कामाचाच भाग धरायला हवा.

दुसरी वाट 'नॅचरल'. फळ सालीसकट, अख्खंच वाळवायचं. पाणी जवळजवळ लागत नाही, यंत्र लागत नाही, म्हणून छोट्या शेतकऱ्यांची ही पिढ्यानपिढ्यांची पद्धत आहे. बाजारात अशा वाळलेल्या फळाला 'चेरी' म्हणतात. ओरबाडलेलं, हिरवं-काळं एकत्र, मातीवर ढीग करून वाळवलेलं चेरी हलकं मानलं जातं. पण तेच फळ फक्त लाल निवडून, जाळीवर पातळ पसरून वाळवलं तर वाळलेल्या बोरासारखी, जांभळासारखी गोडी बीत उतरते. पद्धत तीच, काळजी वेगळी. तिसरी वाट 'हनी'. तिच्यात मध नसतो. साल काढायची, चिकट थर तसाच ठेवून वाळवायचं, एवढंच. वाळताना तो मधासारखा दिसतो म्हणून हे नाव.

आता वाळवण. या सगळ्यात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच कामाबद्दल. आपण ज्याला खळं म्हणतो त्याला तिकडे 'कण' म्हणतात. एका कणावर मी सबंध दिवस बसून होतो. बांबूच्या खाटांवर जाळी ताणून पार्चमेंट, म्हणजे धुतलेली टरफलासकट बी, पसरलेलं, दोन बोटं जाडीचा थर. घरातल्या अज्जी दर अर्ध्या-पाऊण तासानं उठून हातानंच ते वरखाली करायच्या आणि हलवताना नजर खाली ठेवून फुटकी बी, साल राहिलेली बी, काळसर बी चिमटीनं बाहेर टाकायच्या. बारा वाजले, ऊन कडक झालं, तेव्हा मला वाटलं आता खरं वाळेल. अज्जींनी गोणपाट आणून सगळं झाकलं. माझ्या बेळगावी कन्नडमध्ये मी विचारलं, ऊन असताना का झाकता? त्यांनी एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. टरफलाला शेवटापर्यंत चीर गेली होती. पहिल्या दिवशी चुकून उन्हात राहिलेला. चीर गेली की बी उघडी पडते, बाहेरून कडक होते, आतला ओलावा आतच कोंडतो आणि पुढे पोत्यात बुरशी धरते. संध्याकाळी पुन्हा झाकायचं ते दवासाठी. पार्चमेंटला असे आठ-दहा दिवस जातात, अख्ख्या फळाला दोन-तीन आठवडे.

सुरुवातीला बीत निम्म्याहून अधिक पाणी असतं, ते १०-११ टक्क्यांवर आणायचं. ओलावा मोजायचं यंत्र ज्याच्याकडे नाही त्याच्या खुणा वेगळ्या. वाळलेलं चेरी मुठीत घेऊन कानाजवळ हलवलं की आतली बी खुळखुळते. आणि ठरलेल्या मापानं काढलेल्या नमुन्याचं वजन दोन दिवस लागोपाठ तेच भरलं, की समजायचं झालं. हल्ली डिसेंबर-जानेवारीतही अवकाळी येतो. वीस दिवस राखलेला माल एका रात्रीत भिजला तर त्याची स्पेशालिटी तिथंच संपते आणि तो साध्या भावात जातो. ताडपत्री आणि चार खांबांचं छप्पर ही तिथं चैन नाही.

वाळलेला माल तागाच्या पोत्यात विसावा घेतो, मग हासन, चिकमगळूर, कुशालनगरच्या क्युरिंग वर्क्समध्ये जातो. तिथं टरफल निघतं, चाळणीवर आकारानुसार प्रत लागते. पण चाळणी आकार सांगते, चव सांगत नाही. चवीसाठी माणसं बसतात. हलकी भाजलेली बी जाडसर दळतात, ठरलेल्या प्रमाणात कपात घेऊन त्यावर ९३ अंशांचं पाणी ओततात, चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्यानं मोडतात आणि वास घेतात. नंतर चमच्यानं भुर्रकन आवाज करत ओढतात, म्हणजे चव टाळ्यापर्यंत पसरते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या दीर्घकाळ चालत आलेल्या १०० गुणांच्या पद्धतीत ८० किंवा जास्त पडले तर ती स्पेशालिटी. एका नमुन्याचे पाच कप लावतात आणि प्रत्येक कपाची बी वेगवेगळी मोजून दळतात. कारण एखादाच आंबलेला दाणा असेल तर तो पाचांपैकी एका कपात तोंड उघडतो. अज्जी ज्याला चिमटीनं बाहेर टाकत होत्या, तोच तो दाणा. रोबस्टासाठी निराळी मोजपट्टी आहे आणि चांगल्या रोबस्टाला 'फाइन रोबस्टा' म्हणतात.

एवढं चांगलं आहे तर सगळेच का करत नाहीत? याचं उत्तर बरंचसं पैशात आहे आणि थोडं इतिहासात. १९४२ च्या कॉफी कायद्यापासून अनेक दशकं शेतकऱ्यानं आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्रित साठ्यात, घालायची पद्धत होती. भाव पडण्याच्या काळात त्यानं आधार दिला, पण माल एकत्र मिसळत असल्यानं कोणत्या बागेची चव काय, हे विचारायचं कारणच उरलं नाही. १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं विक्री मोकळी झाली. तेव्हापासून भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारांवर हलतो. जुलै २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये हिमदंव पडलं आणि चिकमगळूरचा भाव चढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. भाव असे तेजीत असले की शेतकऱ्याला वाटतं, कशाला वेचत बसायचं, ओरबाडून घातलं तरी पैसे होतात. आणि भाव पडले की वेचायला मजुरी परवडत नाही.

त्यात उचल. उसाला, तंबाखूला आपल्याकडे जी उचल चालते तीच तिकडेही आहे. पावसाळ्यात खतासाठी व्यापाऱ्याकडून घेतलेले पैसे तोडणी झाली की फेडायचे असतात. स्पेशालिटीचा माल मात्र वाळायला तीन आठवडे, विसाव्याला महिना-दोन महिने, नमुना पाठवून गुण कळायला आणखी काही दिवस, आणि खरीददाराचे पैसे त्यानंतर. ज्याच्या दारात उचलवाला उभा आहे तो तेवढा थांबू शकत नाही. मला ही सर्वांत मोठी अडचण वाटते. कसब आहे, झाडं आहेत, पण चार महिने थांबायची ऐपत नाही.

यावर चालणारा एक उपाय आपल्या गावातल्या दूध डेअरीसारखा आहे. शेतकऱ्यानं वाळवायचं नाही, लाल फळ तोडून त्याच दिवशी एका केंद्रावर घालायचं. डेअरीत फॅट लागतं तसं तिथं पिकलेपण बघतात आणि हिरवं कमी त्याला दर जास्त देतात. पल्पर, टाक्या, खाटा, छप्पर सगळं केंद्राचं. आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबांची एक-दोन एकरांवरची कॉफी अशीच गोळा होते, आणि २०१७ मध्ये अरकूच्या नावाचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं. २०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अरकूची अरेबिका, तसंच वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मिळालं म्हणून चव आपोआप येत नाही, पण गावाच्या नावावर भाव मागायला आधार होतो.

पाकीट घेताना मी आता बागेचं किंवा गावाचं नाव, उंची, वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख एवढं शोधतो. हे सगळं लिहिलेलं असेल तर मधल्या साखळीत कोणीतरी माल वेगळा ठेवायची तसदी घेतली आहे, असं धरायला हरकत नाही. नुसतं 'प्रीमियम' लिहिलेलं असेल तर मी पाकीट परत ठेवतो.

मामाचा दुसरा प्रश्न होता, "आपल्याकडं येईल काय?" खानापूरची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, जांबोटी-कणकुंबीकडे ती आठशेपर्यंत जाते. अरेबिकाला ती कमी पडते. रोबस्टाला चालेल, पण कणकुंबीचा धो धो पाऊस सरला की फेब्रुवारी-मार्चचा पाऊस आपल्याकडे भरवशाचा नाही, वळीव येतो तो एप्रिल-मेमध्ये. म्हणजे विहीर आणि तुषार सिंचन हवं, शिवाय गव्यांचा बंदोबस्त. काजू काढून कॉफी लावा, असं मी त्याला कधीच सांगणार नाही. परसात, फणसाच्या सावलीत चार रोपं लावून बघायला हरकत नाही, एवढंच म्हणालो.

रोपं त्यानं अजून लावलेली नाहीत. पण यंदा काजूच्या हंगामात त्याचा फोन आला होता. अंगणात वाळत घातलेल्या काजूबीतलं एक शेर तो रोज संध्याकाळी तराजूवर घालत होता. "काल बी तेवढंच भरलं, आज बी तेवढंच. आता पोत्यात भरू न्हवं?"